टपालाने येणारी पिओनीची मुळे : मिनेसोटाच्या थंडीत पाच वाणांची पारख

अमेरिकेतल्या मिनेसोटात किंवा तितक्याच थंड प्रदेशात ज्यांना पिओनी (मोठ्या, भरगच्च फुलांची, एकाच मुळातून वर्षानुवर्षे फुटणारी बागेतली वनस्पती) लावायची आहे त्यांनी ती शरद ऋतूत, स्वतःच्या शेतातून मुळे काढून पाठवणाऱ्या नर्सरीकडूनच मागवावी, आणि एप्रिलमध्ये मोठ्या दुकानांच्या दाराशी रंगीत चित्राच्या पाकिटांत मिळणाऱ्या स्वस्त मुळांच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत गेल्या काही वर्षांच्या अनुभवाने पक्के झाले आहे. हे परीक्षण कोणा एका दुकानाचे नाही. मातीविना, सुप्तावस्थेत, खोक्यातून घरी येणाऱ्या मुळांच्या विक्रीपद्धतीचे आणि त्या पद्धतीने घेतलेल्या पाच वाणांचे आहे. वाण तेच असले तरी मुळाचा दर्जा विक्रेत्यागणिक इतका बदलतो की, फुलाचे चित्र पाहून केलेल्या खरेदीत पैसे जातातच, शिवाय दोन-तीन उन्हाळे फुकट जातात ते वेगळेच.

ट्विन सिटीजच्या, म्हणजे मिनियापोलिस-सेंट पॉल या जोडशहरांच्या, परिसरातल्या अनेक मराठी घरांत मोगरा, कढीपत्ता, जास्वंद ही मंडळी सप्टेंबर सरता सरता कुंड्यांसह घरात येतात आणि मे उजाडेपर्यंत दक्षिणेकडच्या खिडकीशी जीव धरून बसतात. पिओनीचा स्वभाव नेमका उलटा आहे. कडक थंडी ती नुसती सोसत नाही, तर तिला ती लागतेच. मुळावरचे डोळे, म्हणजे पुढे कोंब होणाऱ्या कळ्या, शरदात तयार होतात आणि पुढे साधारण दोन महिने तरी तापमान चार-पाच अंश सेल्सियसच्या खाली राहिले, तरच वसंतात त्यांतून फुलावर येणारे कोंब निघतात. थंडी अपुरी पडली तर पाला येतो आणि फूल येत नाही. म्हणूनच अमेरिकी कृषी खात्याच्या नकाशातल्या तिसऱ्या विभागात, जिथे हिवाळ्यात पारा उणे ४० अंशांपर्यंत उतरू शकतो, तिथेही ही वनस्पती निर्धास्त वाढते. अलास्कातले शेतकरी तर या थंडीचाच व्यापार करतात. बाकीच्या जगात हंगाम आटोपल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये त्यांची फुले उमलतात आणि लग्नसमारंभांच्या बाजारात त्यांना चांगला भाव मिळतो. फेअरबँक्सच्या विद्यापीठात २००१ साली सुरू झालेल्या लागवडीच्या चाचण्यांपासून हा व्यवसाय उभा राहिला. मिनेसोटाचे नातेही जुने आहे. फॅरिबो या गावातल्या ब्रँड कुटुंबाच्या शेतात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक वाण निपजले आणि ते गाव स्वतःला जगाची पिओनी-राजधानी म्हणवून घेत असे. तेव्हा इथली थंडी या झाडाला मानवेल का, हा प्रश्न खरेदी करणाऱ्याने मनातही आणू नये. प्रश्न फक्त मुळाचा आहे.

खोके उघडल्यावर जे हाती येते ते पाहून नवख्या माणसाचा विरस होतो. ओलसर पीटमध्ये किंवा लाकडाच्या भुशात गुंडाळलेली, माती धुऊन काढलेली, रताळ्यांच्या वेड्यावाकड्या जुडीसारखी दिसणारी तपकिरी मुळे एवढाच तो ऐवज असतो, आणि त्यासाठी वीस-पंचवीस डॉलर मोजल्याचे घरात सांगताना थोडा संकोच वाटतो. मात्र मुळाची पारख करायची ती याच वेळी. चांगल्या मुळावर तीन ते पाच टपोरे, गुलाबी-लाल डोळे असतात. मूळ दाबून पाहिले तर टणक लागते, कापलेली बाजू सुकून स्वच्छ झालेली असते, आणि कुठेही काळा, मऊ, कुजका भाग नसतो. बारीक मुळ्यांवर गाठीच गाठी दिसल्या तर सूत्रकृमीची शंका घ्यावी आणि ते मूळ जमिनीत न घालता विक्रेत्याला छायाचित्र पाठवावे. एका डोळ्याचे मूळ जगत नाही असे नाही, पण फुलावर यायला ते एक-दोन वर्षे अधिक घेते, आणि किंमत तीन डोळ्यांच्या मुळाची लावली असेल तर तो सरळ तोटा आहे.

मी ज्या दोन नर्सऱ्यांकडून मुळे घेतली त्यांची पद्धत जवळजवळ सारखी होती. मागणी वसंतात किंवा उन्हाळ्यात नोंदवायची, मुळे सप्टेंबरच्या मध्यापासून काढली जातात, ग्राहकाच्या हवामान विभागाप्रमाणे पाठवणीचा आठवडा ठरतो, आणि प्रत्येक मुळाला वाणाच्या नावाची चिठ्ठी बांधलेली असते. पहिल्या वसंतात मूळ फुटले नाही किंवा फूल भलत्याच रंगाचे निघाले, तर बदली मूळ देण्याची हमी दोघांनीही लेखी दिली होती. ही हमी दिसायला किरकोळ असली तरी पिओनीच्या बाबतीत ती महत्त्वाची आहे, कारण नावांची अदलाबदल या व्यापारात नित्याची आहे आणि ती उघडकीस यायला दोन-तीन वर्षे लागतात. अशी हमी सहसा वर्षभराचीच असते, म्हणून रंगाबाबतची मुदत मागणी करण्यापूर्वी वाचून घ्यावी. रंगासाठी पहिल्या फुलापर्यंतची मुदत देणारा विक्रेता मला सर्वांत विश्वासाचा वाटतो. याउलट, एका मोठ्या दुकानातून एप्रिलमध्ये घेतलेल्या पाकिटांत मुळे सुकून हलकी झाली होती, काहींना पाकिटाच्या उबेत पांढुरके, लांबट कोंब फुटून ते मोडलेले होते, आणि एकावर तर एकच डोळा होता. त्यातले जे जगले त्याला पाकिटावर गडद लाल फुलाचे चित्र असूनही फूल फिकट गुलाबी आले. दोष दुकानातल्या कर्मचाऱ्यांचा म्हणता येणार नाही. हे मूळ वसंतात विकण्याच्या जातीचेच नाही, कारण त्या वेळी त्याने जमिनीत राहून बारीक मुळ्या धरलेल्या असायला हव्यात. कुंडीत वाढलेले रोप मे महिन्यात घेता येते आणि त्याचा एक फायदा असा की फूल डोळ्यांनी पाहून निवडता येते; परंतु त्याची किंमत साधारण दुप्पट असते आणि कुंडीत डोळे बऱ्याचदा फार खोल गाडलेले असतात.

खोलीचा मुद्दा इथेच सविस्तर लिहिते, कारण पिओनी फुलत नाही या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच कारण असते. डोळ्यांवर पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त माती नको. मुळे आली की, गणेशोत्सव आटोपून नवरात्राची चाहूल लागते त्या सुमारास, रुंद खड्डा घेऊन, माती पायाने हलकेच दाबून, पाणी घालून ती बसू द्यावी आणि मग डोळ्यांची पातळी पुन्हा मोजावी, कारण ओल्या मातीबरोबर मूळ आणखी खाली बसते. जागा निदान सहा तास ऊन येणारी, पाण्याचा निचरा होणारी आणि मोठ्या झाडांच्या मुळांपासून दूर असावी. दोन रोपांत मीटरभर अंतर ठेवावे. मातीचा सामू साडेसहा ते सातच्या दरम्यान असला तर उत्तम. नत्र जास्त असलेले खत घातले की पाला माजतो आणि देठ मऊ पडतात, त्यामुळे हिरवळीसाठी मारलेले खत वाफ्यात उडणार नाही याची काळजी घ्यावी. पहिल्या हिवाळ्यात मात्र एक धोका खरा आहे. जमीन गोठते, वितळते, पुन्हा गोठते, आणि न रुजलेले मूळ त्या हालचालीत वर ढकलले जाते. जमीन गोठल्यानंतर गवताच्या काडाचे आच्छादन घालून ते एप्रिलमध्ये काढले की काम भागते. पुढच्या वर्षांत बर्फाचे पांघरूण पुरेसे असते.

आता वाण. माझ्या वाफ्यात ते ज्या क्रमाने फुलतात त्याच क्रमाने सांगते, कारण लवकर, मध्य आणि उशिरा फुलणारे वाण मिळून मेच्या अखेरीपासून जूनच्या शेवटापर्यंत फुले पुरवता येतात, एकट्या वाणाचा बहर मात्र आठ-दहा दिवसांत उरकतो.

सर्वांत आधी येते ‘कोरल चार्म’. १९६४ साली नोंदवलेल्या या संकराला अमेरिकन पिओनी सोसायटीने १९८६ मध्ये सुवर्णपदक दिले. कळी गडद प्रवाळी असते, उमलल्यावर रंग केशरट गुलाबी होतो, मग जर्दाळूचा, आणि शेवटी फिकट मलईचा. एकाच रोपावर एकाच दिवशी या सगळ्या छटा दिसतात. वास नाही म्हटले तरी चालेल. देठ जाड आणि फूल अर्धदुहेरी, म्हणजे पाकळ्यांच्या मोजक्याच थरांचे, असल्याने पावसात ते बऱ्यापैकी तग धरते. छायाचित्रांत दिसतो तो रंग प्रत्यक्षात दोन-तीन दिवसच टिकतो हे ठाऊक असूनही घ्यावे असे हे वाण आहे, मात्र लवकर फुलत असल्याने मे महिन्यातले उशिराचे दहिवर (रात्री गोठणारे दव) त्याच्याच कळ्यांना गाठते.

त्यानंतर ‘फेस्टिव्हा मॅक्सिमा’. १८५१ साली फ्रान्समध्ये तयार झालेले हे पांढरे, भरगच्च फूल मधल्या पाकळ्यांवर किरमिजी शिंतोडे घेऊन येते आणि त्याचा सुगंध या पाचांत सर्वांत भरदार आहे. दोन फुले फुलदाणीत ठेवली तर अख्ख्या दिवाणखान्याला पुरतात. इतके जुने वाण आजही विक्रीत टिकून आहे याचे कारण रोपाच्या काटकपणात आहे. माझ्याकडे सर्वांत लवकर ते स्थिरावले, दुसऱ्याच वर्षी त्याने फूल दिले, आणि किंमतही सर्वांत कमी होती. ज्यांना एकच पिओनी लावायची आहे त्यांना मी बिनदिक्कत हेच सुचवीन.

‘बोल ऑफ ब्यूटी’ हे १९४९ सालचे हॉलंडचे वाण वेगळ्या घडणीचे आहे. बाहेर गुलाबी पाकळ्यांचे एक कडे आणि आत, पुंकेसरांच्या जागी, फिकट पिवळ्या अरुंद पाकळ्यांचा दाट पुंजका. पाकळ्यांचा भार कमी असल्याने जूनच्या वादळी सरींनंतरही ते आधाराविना ताठ उभे असते, ही गोष्ट दुकानाच्या वर्णनात एका ओळीत उरकलेली असते, पण मिनेसोटात तिचे मोल फार आहे. दुहेरी फुलांच्या मोहापायी लोक या घडणीकडे दुर्लक्ष करतात, ते मला पटत नाही.

‘बार्टझेला’ची किंमत ऐकून बरेच जण मागे फिरतात. ही साधी शाकीय, म्हणजे दर हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळून जाणारी, पिओनी नव्हे. जपानमध्ये तोइची इतो यांनी १९४८ साली शाकीय पिओनीवर झुडूप-पिओनीचा (काष्ठमय फांद्यांच्या पिओनीचा) पराग घालून जो संकर साधला, त्या कुळातली ही आहे. इतो यांचे १९५६ मध्ये निधन झाले आणि आपल्या रोपांची फुले त्यांना पाहता आली नाहीत. ‘बार्टझेला’ पुढे शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये रॉजर अँडरसन यांनी तयार केली, १९८६ साली तिची नोंदणी झाली आणि २००६ मध्ये तिला सुवर्णपदक मिळाले. लिंबाच्या रंगाचे मोठे फूल, पाकळ्यांच्या तळाशी लालसर डाग, किंचित लिंबासारखाच वास, आणि पाला थेट शरदापर्यंत हिरवागार राहणारा. एकामागोमाग कळ्या उमलत राहिल्याने बहर इतरांपेक्षा लांबतो. सुरुवातीच्या काळात तिचे एक मूळ शेकडो डॉलरना जाई. आता साध्या वाणाच्या दुप्पट-तिप्पट किमतीत ती मिळते. माझ्या मते ही किंमत रास्त आहे, कारण आधाराची कडी, तारा, काठ्या यांचा खर्च आणि कटकट ती पूर्ण वाचवते. इतर चारांचा पाला शरदात जमिनीलगत कापायचा असतो, हिचे देठ मात्र तळाशी काष्ठमय होतात आणि त्यांवरही डोळे असू शकतात, म्हणून दहा-पंधरा सेंटिमीटर राखून कापावे.

शेवटी, जून सरत आला की ‘सारा बर्नहार्ट’ फुलते. १९०६ सालचे हे फिकट गुलाबी, पाकळ्यांनी ठासून भरलेले फूल फूलबाजारात अतोनात खपते आणि पिओनी म्हटल्यावर अनेकांच्या डोळ्यांपुढे येते ते हेच. फुलदाणीसाठी त्याला तोड नाही. बागेसाठी मात्र मी त्याला पाचांत शेवटचा क्रमांक देते. फुलाच्या वजनाला देठ पुरत नाहीत, पाऊस पडला की पाकळ्यांत पाणी साठून सगळे रोप चिखलात लोळते, आणि उशिरा फुलत असल्याने जूनअखेरच्या उकाड्यात फुले लवकर मान टाकतात. कळी बोटांनी दाबल्यावर मऊ लागू लागली, रंग दिसू लागला की ती कापून, कोरडीच कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवली तर दोन-तीन आठवडे सहज राहते आणि हवी तेव्हा पाण्यात उमलते. ‘सारा’चा उपयोग मी आता एवढ्यासाठीच करते. फ्रीजमध्ये शेजारी सफरचंदे ठेवू नयेत, त्यांच्यातून निघणाऱ्या वायूने कळ्या बिघडतात.

आधाराच्या कड्यांविषयी थोडे. तीन पायांची, वर जाळी असलेली तारेची कडी दुकानांत सर्रास मिळते. बारीक तारेची कडी पहिल्याच मोठ्या वादळात वाकते, जाड तारेची, रंगाचा लेप दिलेली कडी महाग पडली तरी वर्षानुवर्षे टिकते. ती कोंब वीतभर असतानाच बसवावी लागते. पाला पसरल्यानंतर जाळीतून देठ ओवण्याचा उद्योग कळ्या मोडल्याशिवाय पार पडत नाही.

कळ्यांवर मुंग्या चढलेल्या पाहून फवारणीची बाटली काढणाऱ्यांची संख्या कमी नाही. मुंग्या कळीवर पाझरणारा गोड रस खायला येतात. त्यांनी फूल खराब होत नाही आणि त्यांच्यावाचून कळी उमलत नाही हेही खरे नाही. फुले घरात आणण्यापूर्वी हलकेच झटकली की झाले. खरा शत्रू करडी बुरशी. थंड, ओल्या वसंतात कोवळे कोंब तळाशी काळे पडून कोलमडतात, मटाराएवढ्या कळ्या तपकिरी होऊन वाळतात. उपाय साधा आहे : दोन रोपांतून वारा खेळू द्यावा, पाणी पाल्यावर न देता तळाशी द्यावे, आणि पहिल्या कडक दहिवरानंतर सगळा पाला कापून कचऱ्यात टाकावा, कंपोस्टमध्ये नव्हे. ऑगस्टमध्ये पानांवर येणारी पांढरी भुरी डोळ्यांना खुपते, पण तिने झाडाचे फारसे बिघडत नाही. हरणे आणि ससे पिओनीला सहसा तोंड लावत नाहीत. ट्यूलिप गमावून बसलेल्या कुणालाही या गुणाची किंमत वेगळी सांगायला नको.

राहिला वाट पाहण्याचा भाग, आणि विक्रेते याविषयी मोघम बोलतात. पहिल्या वसंतात दोन-तीन कोंब आणि पाला एवढ्यावर समाधान मानावे. चुकून कळी आलीच तर ती खुडावी, म्हणजे मुळाला बळ मिळते. दुसऱ्या वर्षी एखाद-दुसरे फूल येते, तेही वाणाच्या खऱ्या घडणीचे असेलच असे नाही. ‘बार्टझेला’चे पहिले फूल तर इतके विरळ होते की भलतेच वाण आले काय अशी शंका आली. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून रोप स्वतःच्या रूपात येते आणि मग पन्नास वर्षे त्याला हलवण्याची गरज पडत नाही. दरवर्षी एप्रिलच्या उत्तरार्धात, वाफ्याच्या कडेला अजून काळपट बर्फ असताना, जमिनीतून गडद लाल टोके वर येतात. हलके दहिवर या टोकांना काही करत नाही. कळ्या धरल्यानंतरची गोठवणारी रात्र मात्र घातक असते, तेव्हा मे महिन्यात हवामानाचा अंदाज पाहून जुनी चादर हाताशी ठेवावी.

मुळे मागवण्यापूर्वी फुले प्रत्यक्ष पाहायची असतील तर चास्का येथील मिनेसोटा विद्यापीठाचे लँडस्केप आर्बोरेटम (वृक्षोद्यान) आहेच, आणि जूनच्या सुरुवातीला मिशिगनकडे जाणे होत असेल तर अॅन आर्बरची निकोल्स आर्बोरेटममधली पिओनी-बाग चुकवू नये. डब्ल्यू. ई. अपजॉन यांनी १९२२ साली दिलेल्या रोपांपासून ती उभी राहिली. तिथे शेकडो जुने वाण नावाच्या पाट्यांसह एकाच ठिकाणी पाहता येतात, आणि कोणाचे देठ पावसानंतर उभे आहेत व कोणाचे आडवे, हे कोणत्याही कॅटलॉगपेक्षा तिथे लवकर कळते.

भारतात परतताना एक मूळ घेऊन ये, असे पुण्या-नाशिकचे नातेवाईक हटकून सांगतात. वनस्पती-संगरोधाच्या नियमांप्रमाणे आयात-परवाना आणि आरोग्य-प्रमाणपत्राशिवाय असे मूळ नेता येत नाही, आणि नेले तरी पुण्याच्या हिवाळ्यात त्याची झोप पुरी होणार नाही. हिमालयात पांढऱ्या फुलांची एक देशी पिओनी रानात वाढते, तिच्यासाठी काश्मीर, हिमाचल किंवा गढवालचे डोंगर गाठावेत.

यंदा मागणी नोंदवणाऱ्यांना इतकेच सांगणे की, ‘कोरल चार्म’ आणि ‘बार्टझेला’ चांगल्या नर्सऱ्यांत उन्हाळा संपण्यापूर्वीच संपतात, ‘फेस्टिव्हा मॅक्सिमा’ ऑक्टोबरपर्यंत मिळते. मी स्वतः या खेपेस आणखी एक ‘बोल ऑफ ब्यूटी’ सांगितली आहे. ती दारापुढच्या वाफ्यात ‘सारा’च्या जागी लागेल आणि ‘सारा’ सप्टेंबरमध्ये मागच्या कुंपणाशी जाईल, जिथे तिचे देठ लोळले तरी कुणाच्या पायात येणार नाहीत.